ठोशाची म्हातारी

ठोशाची म्हातारी म्हटलं की परक्या माणसाला वाटायचं, असेल बिचारी आई, नाहीतर आजी. बंदरातलं कोणीही ती समजूत दुरुस्त करायला जात नसे, कारण त्यातच गंमत होती. "ठोशा आज म्हातारीच्या पोटाला रंग लावतोय," असं काहीतरी ऐकून नवखा माणूस दचकला की धक्क्यावरचे सगळे खो खो हसायचे. म्हातारी म्हणजे नौका. शिडाची, लाकडी, शर्यतीची. ठोशाचा बाप जन्माला यायच्या आधी बांधलेली. अंगाने लांब, कमरेत बारीक आणि चालीला अशी, की पाणी कापतेय की नुसतं बाजूला हो म्हणतेय ते कळू नये. तिच्या बरोबरीच्या नौका केव्हाच सरपणाला गेल्या. ही मात्र दर वर्षी शर्यतीत उतरायची आणि नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या पोरींच्या नाकावर टिच्चून कधी दुसरी, कधी तिसरी यायची.

आता ठोशाचं. हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, हे त्याच्या हातांनी कमावलेलं. मुठी म्हणजे पाट्यावरचे वरवंटे. बोलण्याआधी हात, विचार मागाहून. त्याच्याशी वाद घालायचाच असेल तर हातभर लांब उभं राहून घालावा, असं बंदरातली शहाणी माणसं सांगत. शहाणी नसलेली थेट दवाखान्यात जात.

ही विद्या घरातलीच. बाप बंदरात माल उतरवायचा आणि संध्याकाळी घरी येऊन दिवसभराचा राग उतरवायचा. त्यासाठी दारामागे दोराचा एक तुकडा टांगून ठेवलेला असे, टोकाला गाठ मारलेला. मुलगे दोन, ठोशा आणि धाकटा. धाकटा किडकिडीत, फुंकर मारली तर उडेल असा. त्याची पाळी आली की ठोशा मध्ये जाऊन उभा राहायचा आणि दोघांच्या वाटचा मार एकटा खायचा. आई भिंतीकडे तोंड करून बसायची, तिच्या वाटचा तिला आधीच मिळालेला असायचा. शेवटी मिसरूड फुटलं त्या वर्षी एका संध्याकाळी ठोशाने बापाचा उगारलेला हात धरला आणि दाराच्या चौकटीवर आपटला. कट्, असा आवाज झाला. कोरड्या लाकडासारखा. त्यानंतर बापाचा उजवा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही, आणि ठोशाही त्या घरात पुन्हा राहिला नाही.

पळाला तो थेट गोदीमागच्या मोकळ्या जागेत, जिथे हंगाम संपला की नौका पाण्याबाहेर ओढून टेकूंवर उभ्या करतात. एका ताडपत्रीखाली शिरला आणि जिच्या पोटात जाऊन पडला ती म्हातारी. आत तेलाचा, दोरांचा, जुन्या लाकडाचा वास. कोणी ओरडत नव्हतं. पोरगं मेल्यासारखं झोपलं. मालकाला पत्ता लागायला काही दिवस गेले. मालक म्हणजे दातांचे डॉक्टर, सुकाणूवर बसले की जगाला विसरणारा माणूस. त्यांनी ताडपत्री उचलली, तर आत एक पोर दोन्ही मुठी आवळून उभं.

"मूठ उघड," डॉक्टर म्हणाले.

उघडली नाही. डॉक्टरांनी खिशातून काचपेपरचा तुकडा काढला आणि पुढे धरला. "उघड म्हणतो ना. फुकट राहायचं नाही इथे. डेक घासायला लाग."

झालं. मूठ उघडली ती अशी. तेव्हापासून म्हातारी हेच त्याचं घर आणि हीच नोकरी. हंगामात तो तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर, उभा राहून शिडं सांभाळायचा, हंगाम संपला की तिची डागडुजी करायचा. आणि एकदा तर तिने त्याला अक्षरशः हाताला धरून परत आणलं. भर शर्यतीत एका लाटेने त्याला डेकवरून उचलून नेलं. वरखाली पाणीच पाणी, नाकातोंडात खारट मिठाची आग. संपलो असं वाटलं तोच म्हातारी त्याच्या बाजूला कलली, तिचा काठ पाण्याखाली गेला आणि वर येताना तिने त्याला सुपात घ्यावं तसं डेकवर घेतलं. खांदा निखळला, कपाळ फुटलं, पण पठ्ठ्या जिवंत. जाणकार म्हणाले, योगायोग. ठोशा म्हणाला, "योगायोग असेल तुमच्या घरी. मला तिने उचललंय."

त्या दिवसापासून त्याने एक रीत लावून घेतली. म्हातारीवर पाय ठेवण्याआधी वाकायचं आणि नाळेकडच्या डेकवर तळहात टेकवायचा. पुरता उघडा, पाची बोटं पसरून. बोलायचं काही नाही. ठोशाचा हात उघडा बघायचा असेल तर तेव्हाच बघावा. आईवर केलं नसेल एवढं प्रेम त्याने त्या लाकडांवर केलं, आणि त्याची त्याला लाजही वाटत नसे. कोणी चेष्टा केली तर म्हणायचा, "तिने मला कधी मारलं नाही. तुमच्यापैकी कोण असं म्हणू शकतो?"

तळहाताच्या फोडासारखं जपलं तिला. आणि जपता जपताच घात केला. तेच सांगायचं आहे.

लाकडी नौकेचं एक असतं. पाण्याबाहेर काढली की तिच्या फळ्या सुकतात, आकसतात, आणि फळीफळीमधल्या सांध्यांत फटी पडतात. मग त्या सांध्यांत बोथट छिन्नीने कापूस ठोकायचा, पण हलक्या हाताने. पुन्हा पाण्यात उतरवली की पहिले काही दिवस ती खुशाल गळते. पंप मारत बसायचं, कटकट करायची नाही. फळ्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींना बिलगतात आणि गळती आपोआप थांबते. म्हातारी दर वर्षी गळायची आणि दर वर्षी थांबायची. पण गेल्या शर्यतीत ती थांबली नाही. अर्धे लोक शिडांवर आणि अर्धे पंपावर. शर्यतीच्या कमिटीने कळवलं, की पुढच्या खेपेला आमचा तपासनीस येईल, पाणी घेणारी नौका शर्यतीत चालणार नाही.

डॉक्टरांनी ठोशाला बोलावून सरळ सांगितलं. त्यांचेही गुडघे आता कुरकुरत होते. "हे बघ, शर्यत पुरी करणारी नौका मी पाळीन. धक्क्याला बांधून कुजणारी पाळणार नाही, ते माझ्याने बघवणार नाही. यंदा तिने शर्यत पुरी केली तर ठेवतो. नाही केली, तर तोडायला देतो."

तोडणं कसं असतं ते ठोशा रोज बघत होता. गोदीच्या टोकाला नौका तोडणारा माणूस यंत्राची करवत घेऊन बसलेला असे. आज एखादी उभी नौका, उद्या तिचे मांस सोलल्यासारखे तुकडे. करवत सुरू झाली की ठोशा कामाची जागा बदलायचा. डॉक्टरांचं बोलणं ऐकून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मनाशी त्याने एकच ठरवलं: यंदा थेंब नाही. पहिल्या दिवशीसुद्धा नाही.

आणि मग तो म्हातारीवर तुटून पडला. सगळे सांधे उकरले आणि नव्याने कापूस ठोकायला बसला. ठोकला म्हणजे काय, ठासला. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. हातोड्याचा घाव असा, की शेजारच्या नौकेवर चहा पिणाऱ्याचा कप हलावा. वरून दगडासारखी वाळणारी पुट्टी भरली. गोदीचा म्हातारा मिस्त्री लेकीकडे निघाला होता, हातात पिशवी. तो थांबला.

"अरे राक्षसा, हलक्या हाताने. तिला फुगायला जागा ठेव."

"यंदा गळती नको, मिस्त्री."

"गळू दे की थोडी! म्हातारं माणूस, गळणारच. फळ्या फुगल्या आणि जागा नसली, तर सगळा जोर बरगड्यांवर जाईल. अति तिथे माती, कळलं का?"

"कळलं, कळलं. तुमची गाडी चुकेल."

मिस्त्री गेला. ठोशाने हात जराही सैल सोडला नाही. त्याला काय, ठोकून गोष्टी सरळ होतात एवढंच जगाने शिकवलेलं.

म्हातारी पाण्यात उतरली. थेंब नाही! डॉक्टरांनी तळात हात फिरवला, तपासनिसाने हात फिरवला, हाताला ओल लागण्याऐवजी धूळ लागली. तपासनीस म्हणाला, "कमाल आहे. ही तर माझ्या घराच्या छतापेक्षा बरी." सगळे हसले, डॉक्टरांनी ठोशाच्या पाठीत धपाटा घातला. ठोशाला त्या दिवशी आभाळ ठेंगणं.

दोन दिवसांनी तो एकटाच नाळेकडच्या छोट्या केबिनमध्ये दोर आवरत होता. बाहेर लख्ख ऊन, पाणी शांत. आणि त्याच्या कानाशी आवाज झाला. कट्.

तो आवाज त्याला ओळखीचा होता. थोड्या वेळाने आणखी एक. कट्. त्याने विजेरी लावली आणि फळ्यांना आतून धरून ठेवणाऱ्या बरगड्यांवरून उजेड फिरवला. एका बरगडीवर केसाएवढी रेघ. मग दुसरीवर. फळ्या फुगत होत्या, आणि त्यांना सरकायला त्याने सुईएवढी जागा ठेवली नव्हती. म्हातारी न गळता आतून मोडत होती.

सांगायला हवं होतं. तेव्हाच धावत जाऊन डॉक्टरांना सांगायला हवं होतं, की बाहेर काढा हिला, मी घोळ घातलाय. पण मग शर्यत नाही, आणि शर्यत नाही तर करवत. ठोशाने त्या रेघेवर तळहात दाबून धरला, रक्त थांबवायला धरतात तसा. "एवढी एक शर्यत," तो तिला म्हणाला. "एवढी काढ. मग तुला मी एक एक बरगडी नवी घालीन. शप्पथ." आणि त्या रेघांवर त्याने रंगाचा हात मारला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी धक्क्यावर तमाशा झाला. म्हातारीवर शिडं ओढायला एक गडी होता, सदा तोंडात काहीतरी चघळायचा म्हणून त्याचं नाव चघळ्या. उचलली जीभ लावली टाळ्याला असा. चार लोकांत तो म्हणाला, "थेंब नाही म्हणे! अरे, आतून वाळलीय ती. चुलीत मस्त जळेल."

दुसऱ्या वेळी ठोशाने शिवी घातली असती आणि सोडलं असतं. पण आतल्या आत जे पोखरत होतं त्यावर नेमकं बोट पडलं. पहिला ठोसा जबड्यावर, दुसरा पोटात. चघळ्या दोरांच्या वेटोळ्यावर पडला, तरी ठोशा थांबेना. छातीवर बसून मारत राहिला. नाकाचं हाड गेलं, रक्ताची चूळ धक्क्याच्या दगडांवर उडाली, त्यात दोन दात. चौघांनी मिळून ओढला तेव्हा सुटला. डॉक्टरांनी वाकून ते दात उचलले, निरखून पाहिले. "मी जन्मभर लोकांचे दात काढले, पण निदान भूल देऊन," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "मूर्खा! उद्या शिडं कोण ओढणार? तुझा बाप?"

बाप नव्हे, पण भाऊ आला. धाकटा आता चांगला बाप्या झालेला, गोदीतच क्रेन चालवायचा, घरी बायको आणि रांगती मुलगी. शिडांचं काम त्याला ठोशानेच शिकवलेलं. तो म्हणाला, "मी येतो."

"तू नको," ठोशा म्हणाला.

"का?"

"नको म्हणतो ना!"

"का पण, दादा? म्हातारीवर भरवसा नाही तुझा?"

सगळे बघत होते. ठोशा तरी काय सांगणार होता? धाकट्याची बायको मुलीला कडेवर घेऊन धक्क्यावर आलेली. ती हसून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही आहात म्हणून सोडते हं. नाहीतर ह्यांना साधं पोहायला पाठवणार नाही मी." ठोशाने मान हलवली. त्या मान हलवण्याचं ओझं त्याने पुढे किती वाहिलं ते त्याचं त्याला ठाऊक.

शर्यत सुरू झाली ती चांगल्या वाऱ्यात. आणि म्हातारी काय धावली हो! गळती नाही, पंप नाही, पोट कोरडं, अंग हलकं. वळणाच्या खुणेला ती सगळ्यांच्या पुढे होती. डॉक्टर सुकाणूवर बसून पोरासारखे ओरडत होते. धाकटा मागे वळून वळून दादाकडे बघून हसत होता. ठोशालाही क्षणभर वाटलं, निभावलं.

मग पश्चिमेकडे आभाळ शिशासारखं झालं. वाऱ्याने आधी एक झापड मारली, जणू नुसतं बघितलं, आणि मग धरून मारायला सुरुवात केली. समुद्र उभा राहिला. लाटा डेकवर चढून माणसांना गुडघ्यातून पाडायला लागल्या. मागच्या नौका एकामागून एक शिडं उतरवून बंदराकडे वळल्या. डॉक्टर तोंडाभोवती हात धरून ओरडले, "ठोशा! तिची तब्येत तुला ठाऊक. वळू या का?"

एक शब्द पुरे होता. वळा. ठोशाने धाकट्याकडे बघितलं. त्याच्या डोक्यात बरगड्यांवरच्या रेघा होत्या आणि गोदीच्या टोकाची करवत होती. तोंडातून आलं ते, "चला पुढे!"

डॉक्टरांनी वादळात लावायचं लहान शीड मागितलं. ते नाळेकडच्या केबिनमध्ये होतं. धाकटा डेकवरची झडप उघडून खाली उतरला, आणि पाण्याचा लोंढा आत जाऊ नये म्हणून ठोशाने वरून झडप लावली.

तेवढ्यात एक लाट म्हातारीच्या कुशीत बसली. कट्. मग कट्, कट्, कट्, काड्यांची जुडी गुडघ्यावर मोडावी तशा बरगड्या नाळेपासून मधल्या पोटापर्यंत मोडत गेल्या. डोलकाठीला आवळून धरणाऱ्या तारा त्या बाजूला ज्या लोखंडी पट्ट्यांत अडकवलेल्या, त्या पट्ट्या लाकडाचे लचके घेऊन उपटल्या गेल्या. डोलकाठी एकदा थरथरली आणि तोफ सुटावी तशी मोडून नाळेवर आडवी झाली. बरोबर झडपेवर. तिचा तुटका शेंडा तारांना लोंबकळत पाण्यात पडला आणि दर लाटेला म्हातारीच्या बरगड्यांत ढुशी मारायला लागला. सुकाणूचा दांडा उलटा फिरून डॉक्टरांच्या छातीत बसला. ते तोंडातून लाल फेस काढत कोसळले. बाकीच्या दोघा गड्यांनी रबरी होडी फुगवून पाण्यात टाकली आणि डॉक्टरांना ओढून तिच्यात घातलं.

"ठोशा, चल! बुडतेय ती!"

"धाकटा खाली आहे!"

मधल्या केबिनमधून तो आत गेला. कमरेइतकं पाणी. दोन केबिनांमधलं दार चौकटीत असं पिरगळून बसलेलं, की त्याच्या मुठीही हरल्या. पोरं बडवावीत तसं त्याने ते दार बडवलं, बोटांची सालं निघाली. पलीकडून धाकट्याचा आवाज आला, "दादा, पाणी गळ्याशी आलंय." ठोशा वर धावला. कुऱ्हाड काढली. आधी लोंबकळता शेंडा धरणाऱ्या तारा तोडल्या, म्हणजे निदान ढुशा थांबतील. तुटलेली एक तार चाबकासारखी उलटून त्याच्या गालावरून गेली आणि गाल कानापर्यंत उघडला. त्याला कळलंही नाही. डोलकाठीचा जाड तुकडा झडपेवर पहाडासारखा पडलेला, तो हलणं शक्य नव्हतं. पायाखालून मात्र ठक ठक ऐकू येत होतं. धाकटा आतून डेकवर ठोकत होता.

ती जागा नेमकी तीच होती. जिथे तो तळहात टेकवायचा. त्या लाकडाला त्याने इतक्या वर्षांत काचपेपर आणि तेल याशिवाय काही लागू दिलं नव्हतं. कोणी बूट घालून चढलं तर जेवण जायचं नाही त्याला. कुऱ्हाड वर गेली आणि तिथेच थांबली. खरंच थांबली. खाली भाऊ मरत होता आणि ह्याचा हात उतरेना. जगातल्या सगळ्यांना मारलं होतं ह्या हाताने, एका हिला सोडून.

खालची ठकठक मंदावली.

"माफ कर गं!" तो किंचाळला आणि त्याने घाव घातला. एक घाव दोन तुकडे म्हणतात, तसलं काही झालं नाही. जुनं, कसदार लाकूड ते. कुऱ्हाड उसळून परत आली. मग तो जो सुटला. बाप मारायचा तसा मारायला लागला, डोळे मिटून, शिव्या देत, रडत. ढलप्या उडून तोंडावर बसत होत्या. गालातलं रक्त डेकवर पडत होतं आणि लाट ते धुऊन नेत होती. "तूट! तूट ना! किती मारू तुला?" तिची नाळ पाण्याला टेकली होती. कोणत्याही क्षणी ती जायला हवी होती, सगळी लाकडं मोडलेली होती तिची. पण ती गेली नाही. घाव खात तशीच तोलून राहिली.

भोक पडलं. त्यातून आधी धाकट्याची बोटं बाहेर आली, आणि ठोशाच्या डोळ्यांत रक्त होतं, पुढचा घाव आवरला गेला नाही. दोन बोटं डेकवर पडली. खालून आलेली किंकाळी ऐकून ठोशाला, खोटं कशाला सांगायचं, आनंद झाला. जिवंत होता! उरलेली फळी त्याने हातांनी उपटली, धाकट्याला केसांना धरून वर खेचला, आणि दोघे घसरत पाण्यात पडले. गड्यांनी त्यांना रबरी होडीत ओढलं. मग म्हातारीने नाळ खाली घातली आणि गेली. उगाच आवाज केला नाही.

एका मच्छीमार होडीने सगळ्यांना आणलं. डॉक्टर दवाखान्यात, छातीला पट्टा. त्यांना भेटायला जो येई तो एकच म्हणे: जुनं लाकूड, वय झालं होतं, एवढी वर्षं टिकली हेच नवल. चघळ्यासुद्धा बांधलेल्या जबड्यातून काहीतरी चांगलं पुटपुटला. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं म्हणतात खरं. ठोशाला दुःखही होतं आणि काळ कोण होता तेही ठाऊक होतं. तो गालाचे टाके घेऊन गप्प बसून राहिला. भावजय तर रोज डबा पाठवत होती आणि सगळ्यांना सांगत होती, की भाऊजी होते म्हणून माझं कुंकू राहिलं.

समुद्र निवल्यावर किनाऱ्यावर लाकडं लागायला लागली. ठोशा रोज जायचा. त्या दिवशी धाकटाही बरोबर होता, हाताला भलंमोठं बँडेज. आणि लेकीकडून परतलेला मिस्त्री. वाळूत ठोशाला म्हातारीच्या पोटाचा एक तुकडा सापडला. दोन फळ्या, एकमेकींना चिकटलेल्या. टोकं फाटलेली, खिळ्यांभोवतीचं लाकूड फुटलेलं, मागे मोडक्या बरगडीचा खुंट. मधला सांधा मात्र जसाच्या तसा. मिस्त्रीने त्यावरून नख फिरवलं. मग दोन्ही फळ्या धरून पिळून पाहिल्या. हलल्या नाहीत.

"काम पक्कं केलंस, बाबा," तो म्हणाला, आणि मान खाली घालून निघून गेला.

"म्हणजे काय रे, दादा?" धाकट्याने विचारलं.

ठोशाने सांगितलं. कापूस किती ठासला ते. पहिल्या कट् आवाजाचं. रेघांवर मारलेल्या रंगाचं. "वळू या का" म्हणून डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कोणता शब्द तोंडात होता आणि कोणता बाहेर आला, तेही. "मीच मारलं तिला," तो म्हणाला. "आणि तुला मारतच होतो."

धाकट्याने चांगला हात उचलला आणि काडकन ठोशाच्या थोबाडीत दिली. टाके उसवले, रक्त हनुवटीवर आलं. आयुष्यात पहिल्यांदा धाकट्याने कोणावर हात उचलला होता. ठोशाच्या मुठी आपोआप वळल्या. मग त्याने त्या उघडल्या आणि खाली सोडल्या.

"आणखी मार."

"नाही," धाकटा म्हणाला. "माझ्या वाटचा पुष्कळ खाल्लायस तू. म्हणून एकच." तो वाळूत बसला आणि बँडेजच्या हाताने त्या फळीला शिवला. "मी आत होतो, दादा. पाणी नाकाशी आलं होतं, आणि मला कळत होतं तिचं. सगळी तुटली होती ती. वरून तू मारत होतास, आणि तरी ती माझ्यासाठी थांबली."

ठोशा मोठ्याने रडला. लाज न बाळगता, तोंड वासून, लहान मूल रडतं तसा. बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसलं आणि उभा राहिला.

"कुठे निघालास?"

"डॉक्टरांकडे. त्यांना वाटतंय, ती वयाने गेली."

फळ्या पाणी पिऊन जड झाल्या होत्या. त्याने त्या खांद्यावर घेतल्या आणि वरून तळहाताने धरल्या. धाकटा म्हणाला, दे एक टोक. त्याने दिलं नाही. दवाखान्यापर्यंत वाटेत त्याने त्या कुठेही खाली टेकवल्या नाहीत.